बाबा लागोस बघतात

झुलत्या पुलाच्या मधोमध बाबा थांबले, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरले आणि मागे वळूनही न बघता म्हणाले, "फोटो काढ."

मोजीच्या मागे माणसांची रांग खोळंबली होती. पूल जेमतेम एक माणूस जाईल एवढाच रुंद. खाली लेक्कीचं दाट, ओलसर रान आणि एका फांदीवर बसून शेंगदाण्यांच्या आशेनं वर बघणारी दोन माकडं.

"बाबा, पुढे चला. पलीकडे मचाण आहे, तिथे निवांत काढू."

"मचाणावर कुणीही उभा राहील. इथेच काढ. खाली किती खोल आहे ते दिसलं पाहिजे."

"ते दिसायला मला तुमच्या खांद्यावर चढावं लागेल."

मागून एक अंगानं भरलेल्या बाई कळवळून ओरडल्या, "ओ बाबा, देवाच्या नावानं सरका हो पुढे! हा पूल हलतोय, माझ्या पोटात ढवळतंय!"

"पूल आपोआप नाही हलत," बाबा मोठ्यानं म्हणाले. "तुम्ही सगळे एका ठेक्यात पाय टाकताय म्हणून हलतोय. ठेका मोडा! पुलावर पलटणसुद्धा एका तालात चालत नाही!"

इलेशा गावच्या शाळेत त्यांनी उभा जन्म कवायत शिकवण्यात घालवला होता. त्या आवाजापुढे रांग गप्प झाली. पोटात ढवळणाऱ्या बाईंनीसुद्धा निमूट पाऊल बदललं. तेवढ्यात मोजीनं फोटो काढून घेतला. हनुवटी वर, छाती पुढे, टोपी सरळ, राष्ट्रगीत सुरू व्हायची वाट बघत असल्यासारखे बाबा.

"पोट आत दिसतंय?"

"दिसतंय."

"दाखव." त्यांनी फोन हातभर लांब धरून, डोळे बारीक करून चित्र पाहिलं. "अजून एक काढ. ह्यात मी घाबरल्यासारखा दिसतोय."

"घाबरला नव्हतात?"

"तो प्रश्न वेगळा."

मोजीनं आणखी एक काढला. तिला मनातून उकळ्या फुटत होत्या. आठवड्यापूर्वी ह्याच माणसाला लागोसच्या बसमध्ये बसवायला तिनं काय काय केलं नव्हतं! दर फोनवर तेच: लागोस म्हणजे गोंगाट, लागोस म्हणजे भामटे, लागोसला पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं. आणि आता ते रोज सकाळी तिच्या आधी तयार होऊन, बुटांना पॉलिश करून, दारात उभे राहत. "आज काय बघायचं?"

हा सगळा घाट तिनं उगाच घातला नव्हता. आई जाऊन चार वर्षं झाली होती. मोजीचा नवरा दोतुन समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला. एकदा गेला की कित्येक आठवडे घरी नाही. लागोसच्या सुरुलेरे भागातल्या तिच्या घरात संध्याकाळी जनरेटरच्या आवाजाशिवाय सोबत नसे. आतली खोली तिनं बाबांसाठी लावून घेतली होती. नवी गादी, खिडकीला हिरवा पडदा, उशाशी रेडिओ. तोंडानं अजून काही म्हणाली नव्हती. आधी बाबांना शहर आवडू दे, मग त्यांच्याच तोंडून येईल, असा तिचा हिशेब होता.

रेडिओ मात्र मुद्दाम ठेवला होता. सकाळच्या वेळी शहरातल्या कुठल्या रस्त्यावर गाड्या अडकल्यात, कुठला मोकळा आहे, हे मोजी एका केंद्रावरून सांगत असे. ते केंद्र इलेशापर्यंत पोचत नव्हतं. बाबांनी आपल्या मुलीचा रेडिओवरचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ह्या आठवड्यात ऐकला, सज्जात उभं राहून, रेडिओ कानाला लावून. सुट्टी सुरू व्हायच्या आधीचे दोन दिवस ती कामावरून आली की ते अभिप्राय देत.

"ओशोडीला कोंडी झाली हे तू असं सांगतेस, जणू तूच ती केलीयस."

"मग कसं सांगू?"

"ठणकावून. कोंडी आहे, तर आहे. ज्याला जायचंय त्यानं लवकर निघावं."

गुरुवारी ती त्यांना बालोगुनच्या बाजारात घेऊन गेली. जाताना पिवळ्या डानफो मिनीबसमध्ये बसायचं हा बाबांचाच हट्ट. टॅक्सीतून काय दिसणार, असं त्यांचं म्हणणं. डानफोच्या दारात लोंबकळणारा कंडक्टर दांडगा, पुढचा एक दात नसलेला माणूस होता. मोजीनं बाबांना "नीट धरून बसा" म्हटलं मात्र, त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आँटी, थांबा, थांबा. हा आवाज! मंगळवारी मोठा पूल मोकळा आहे असं तुम्हीच सांगितलंत ना?"

मोजीनं खिडकीबाहेर पाहिलं.

"मोकळा!" कंडक्टरनं सगळ्या गाडीला साक्षीला घेतलं. "ऐका हो, मोकळा! त्या पुलावर मी म्हातारा झालो. माझ्या प्रवाशांची लग्नं जमली, मोडली!"

गाडी खदखदून हसली. बाबा उठून उभे राहिले, डोकं छताला आपटलं, तरी उभेच राहिले. "ती म्हणाली तेव्हा पूल मोकळा होता. तुम्ही त्याच्यावर चढलात आणि तो भरला!"

आता गाडी दुप्पट हसली. कंडक्टरनं बाबांना सलाम ठोकला. बाबांनी त्याच्याबरोबरही फोटो काढून घेतला, दारात, एक पाय बाहेर लोंबकळत ठेवून. मोजी "आत या, आत या" म्हणून ओरडत राहिली आणि बाबांनी फोटो होईपर्यंत तो पाय आत घेतला नाही. त्यांनी कुणाचं ऐकल्याचं तिला आठवतच नव्हतं. आई म्हणायची, ह्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवून ठेवली ना, तेव्हाच ह्यांचे कान गेले.

त्या संध्याकाळी दोघं नाक्यावरच्या सुयावाल्यापाशी बाकड्यावर बसली होती. सुया म्हणजे कागदात गुंडाळलेलं, तिखटात लोळवलेलं गरम मांस; वर कच्चा कांदा आणि टोमॅटो. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खात होते. मोजीला वाटलं, हीच वेळ.

"बाबा, परत जायची एवढी काय घाई आहे?"

बाबांनी कांद्याची चकती तोंडात टाकली. बराच वेळ चावली. "शनिवारी तुझा तो समुद्र होऊ दे," ते म्हणाले. "मग बोलू. मलाही तुझ्याशी बोलायचंय."

घरी आल्यावर तिनं दोतुनला फोन लावला. "ते राहतायत," ती म्हणाली.

"म्हणाले तसं?"

"म्हणाल्यासारखंच."

"मोजी," पलीकडून वाऱ्याच्या आवाजात तो हसला, "म्हणाल्यासारखं म्हणजे तुझा मोठा पूल मोकळा होता, तसंच ना?"

शनिवारी सकाळी दोघं तारक्वा बे ह्या समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्या होडीत बसली. होडी निघताना सगळ्यांना नारिंगी जाकिटं दिली. मोजीनं बाबांच्या जाकिटाचे पट्टे आवळले, तेव्हा ते कधी नव्हे ते अगदी शांत उभे राहिले. वाटेत एक अजस्र मालवाहू जहाज शेजारून गेलं, होडी त्याच्या लाटांवर वरखाली झाली आणि बाबांनी बाकाची कड पकडली ती किनारा येईपर्यंत सोडली नाही. मोजीनं ते पाहिलं. वय झालं, एवढंच तिच्या मनात आलं.

किनारा मात्र त्यांना बेहद्द आवडला. वाळूत खुर्च्या, चटया, भाजत्या मासळीचा धूर, भाड्याच्या घोड्यावर बसून किंचाळणाऱ्या पोरी. बाबांनी बूट-मोजे काढून नीट जोडीनं ठेवले, विजार गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

"फोटो काढ. मागे जहाज येऊ दे."

तिनं काढला.

"दाखव. नाही, नाही. हा शर्ट बघ बाहेर आलाय. त्या हसतील."

"त्या कोण?"

बाबांनी शर्ट खोचायला घेतला. एक बाजू खोचली, दुसरी खोचली, मग पुन्हा पहिली.

"बाबा. त्या कोण?"

"फादिपेबाई."

मोजीनं फोन खाली घेतला. "गणिताच्या?"

"गणिताच्याच."

तिच्या डोळ्यांसमोर बाई उभ्या राहिल्या. काटकुळ्या, बारा महिने छत्री, बोटांना खडू. मोजीनं उत्तरात नुसतं 'पाच' लिहिलं होतं तर बाईंनी तिला सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं: पाच काय? पाच आंबे? पाच बकऱ्या? बाईंचे यजमान फार पूर्वी वारले होते, एवढं तिला माहीत होतं. त्यापलीकडे त्या बाईंना घर असेल, संध्याकाळ असेल, असा विचारच तिनं कधी केला नव्हता.

"हे सगळे फोटो त्यांना जातात?"

"रोज एक. दुपारच्या आत."

"आणि त्या काय म्हणतात?"

"माझ्या लिहिण्यातल्या चुका काढून परत पाठवतात," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की मोजीला दुसरीकडे बघावं लागलं.

दोघं चटईवर येऊन बसली. घोडेवाला समोरून गेला. मोजीनं नुसत्या हातानंच नको म्हटलं.

"आईला त्या आवडायच्या नाहीत," ती म्हणाली.

"मुळीच नाही. चर्चच्या गाण्यात दोघींनाही पहिल्या रांगेत उभं राहायचं असायचं. तुझी आई म्हणायची, ही बाई स्वर्गात गेली तर देवाच्यासुद्धा बेरजा तपासेल."

मोजीला हसू फुटलं. फुटलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. "आणि तरी तुम्ही..."

"तरी. म्हणूनच आधी तुला विचारतोय." बाबा मांडीवरची वाळू झटकत होते. झटकून झाली तरी हात तसाच फिरत होता. "त्यांना अजून काही विचारलेलं नाही. तू नाही म्हणालीस तर विचारणारही नाही. इथेच संपलं."

"मी खोली लावली बाबा तुमच्यासाठी."

"दिसली मला. आलो त्याच दिवशी दिसली. गादी फार चांगली आहे."

"मग?"

"अबेके." लहानपणी ती रुसली की बाबा तिला ह्या लाडक्या नावानं हाक मारत. "तुझ्याकडे मला काही कमी पडणार नाही. तू माझं सगळं करशील. मी बसून राहीन आणि तू करशील. तिथे..." शब्द सापडेना म्हणून त्यांनी समुद्राकडे पाहिलं. "तिथे मी एखादी गोष्ट चुकीची बोललो तर कुणीतरी माझ्याशी भांडतं."

आईला समुद्र बघायचा होता. ईस्टर झाला की येते, याम कंदांची काढणी झाली की येते, असं करता करता राहून गेलं. तिच्याऐवजी बाबा आले, तेही दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांसाठी. गेले चार दिवस मोजी एकेक जागा हौसेनं दाखवत होती, बाबा खुलत होते, आणि तिला वाटत होतं, हे आपल्यामुळे.

बाबा उठले. "तू बस. घाई नाही," ते म्हणाले. आपला फोन त्यांनी तिच्या पिशवीत टाकला आणि पाण्याकडे चालू लागले. पाठ ताठ, पण पावलं नेहमीसारखी पडत नव्हती. पाण्यापाशी पोचल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. शिक्षेला उभं केलेल्या पोरासारखे ते तिकडे तोंड करून उभे राहिले.

पिशवीतला फोन वाजला.

मोजीनं काढून पाहिलं. फादिपेबाई. तिनं तो चटईवर पालथा ठेवला. वाजून वाजून थांबला. शेजारच्या चटईवरच्या लोकांनी मासळीचं ताट मागवलं होतं, त्यांच्यात मुंडक्यावरून हुज्जत चालली होती. फोन पुन्हा वाजायला लागला. दुपार टळून गेली होती आणि फोटो गेला नव्हता, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

तिनं फोन उचलला.

"अदेगोके सर?" आवाज तोच, खडूसारखा कोरडा. "सर, आज काय झालं? बरे आहात ना?"

"बाई, मी मोजी."

मोजीचे गुडघे आपसूक वाळूत टेकले. मोठ्या बायकांशी बोलताना टेकायचे असतात. पण फोनवरून कोण बघतंय, आणि लागोसमधल्या इतक्या वर्षांत ती सवय सुटली असं तिला वाटत होतं. शेजारची मासळीवाली मंडळी तिच्याकडे बघायला लागली. ती तशीच राहिली.

बाई सावरून म्हणाल्या, "मोजिसोला. कशी आहेस? वारा फार येतोय. वाऱ्याकडे पाठ कर, म्हणजे नीट ऐकू येईल."

मोजीनं वाऱ्याकडे पाठ केली.

"मी सहज फोन केला होता," बाई म्हणाल्या. "बुधवारी तो झुलत्या पुलाचा फोटो पाहिला. मला नाही आवडलं. ह्या वयात काय करायचंय पुलावर लटकून? मी त्यांना तसं कळवलंही."

"मीही सांगितलं होतं, बाई. ऐकत नाहीत."

"नाही ना? माहीत आहे मला." आवाज थोडा सैलावला. "आता कुठे आहात तुम्ही?"

"समुद्रावर."

"समुद्रावर!" बाई एकदम थांबल्या. "आणि ते कुठे आहेत?"

"पाण्यात उभे आहेत."

"किती पाण्यात?"

"गुडघाभर असेल."

"मोजिसोला, त्यांना पोहता येत नाही."

मोजीला ते खरंच वाटेना. "बाबांना? बाई, ते कवायतीचे..."

"जमिनीवरच्या. शाळेला तळं कुठे होतं? नदीवर सहल जायची तेव्हा ते काठावर उभं राहून शिट्टी वाजवायचे. तुझ्या आईनं मला सांगितलं."

"आईनं? तुम्हाला?"

बाईंचा आवाज हळू झाला. "शेवटी शेवटी मी दुपारची दवाखान्यात जायचे तिच्याकडे. सर घरी जाऊन जेवून यायचे, तेवढा वेळ. तू तिकडे लागोसला होतीस, तुला ठाऊक नसेल. माझं गाणं तिला आवडत नव्हतं, म्हणून मी नुसती बसायचे. एकदा तीच बोलायला लागली. बऱ्याच गोष्टी सांगितल्या तिनं. सरांना काय पचत नाही, कशाची भीती वाटते पण म्हणत नाहीत. मी विचारलं, हे मला कशाला सांगतेस? तर म्हणाली, कुणाला तरी माहीत असावं." बाई खाकरल्या. "ते असू दे. आधी त्यांना मागे बोलाव."

मोजी उठून उभी राहिली. गुडघ्यांना वाळू चिकटली होती. पुढे एक लाट आली, बाबांची दुमडलेली विजार भिजवून परत गेली, आणि बाबा जागचे हलले नाहीत. हात मागे बांधलेले, मान ताठ. तिला आता त्या ताठपणात दुसरंही काहीतरी दिसायला लागलं होतं.

"बाबा!" तिनं हाक मारली. "मागे या!"

बाबांनी मागे न बघता हात हलवला. ठीक आहे, ठीक आहे.

मोजी पाण्यापर्यंत चालत गेली. चपला भिजल्या. फोन तिनं कानाला तसाच धरला होता, पलीकडे बाईंचा श्वास ऐकू येत होता.

"बाबा," ती म्हणाली. ह्या वेळी आवाज चढवला नाही. "बाई म्हणतायत, मागे या."

बाबा वळले. त्यांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा तिच्याकडे. लाट त्यांच्या पायांमधून निघून गेली. मग वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखं, अंग चोरून, ते पाण्यातून बाहेर यायला लागले.

"आले का?" बाईंनी विचारलं.

"हो बाई," मोजी म्हणाली, आणि बाबांना धरायला तिनं हात पुढे केला. "आले."